आकाशातून घातलेला हाका

न्यूझीलंड म्हटले की आपल्याकडच्या घरांतून दोन गोष्टी हटकून आठवतात : क्रिकेट आणि एडमंड हिलरी. तेनसिंगबरोबर एव्हरेस्टवर पाऊल ठेवण्यापूर्वी पाच वर्षे, १९४८ च्या जानेवारीत, मधमाश्या पाळणारा हा उंचाडा माणूस आपल्या देशातल्या सर्वांत उंच शिखरावर चढला होता. त्या शिखराला माओरी लोक आओराकी म्हणतात, आणि इंग्रजांनी त्याचे नाव माउंट कुक ठेवले. उंची ३,७२४ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. हिलरी तिथून हिमालयात आला, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. मौज अशी, की हिलरीच्या जन्माआधी पंधरा वर्षे हिमालयातला एक रहिवासी त्याच डोंगरात जाऊन स्थायिक झाला होता, याची मात्र आपल्याला गंधवार्ताही नसते.

हा रहिवासी म्हणजे ताहर. रानबोकडाच्या कुळातला, कड्याकपारीत राहणारा, दाट केसांचा प्राणी. काश्मीरपासून सिक्कीमपर्यंतच्या उतारांवर त्याचे मूळ घर. नेपाळात त्याला झारल म्हणतात. आपल्या दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरात याच्याच नात्यातला आणखी एक प्राणी आहे, त्याला तमिळ लोक वरयाडू म्हणतात. इंग्लंडात वोबर्न येथे बेडफर्डच्या ड्यूकने आपल्या उद्यानात हे हिमालयी ताहर पाळले होते. त्यांतले काही त्याने १९०४ साली न्यूझीलंडला भेट म्हणून धाडले, आणि माउंट कुकच्या पायथ्याशी असलेल्या हर्मिटेज हॉटेलाजवळ ते मोकळे सोडण्यात आले. तीन वर्षांनी ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ जोझेफ बादशहाने आल्प्समधली शॅमॉय जातीची जनावरे पाठवली. हरणे तर त्याच्याही आधीपासून आणून सोडलेली होती. डोंगर सुरेख आहेत पण शिकारीला काही नाही, ही साहेबांची खंत अशा रीतीने दूर झाली!

हा सारा प्रदेश पाहण्याचा योग मला आला तो ख्राइस्टचर्चला राहणाऱ्या माझ्या भाच्यामुळे. मे महिना होता. आपल्याकडे आंब्याच्या पेट्या फुटत असतात, तेव्हा तिकडे हिवाळा उंबरठ्यावर आलेला असतो. ख्राइस्टचर्चहून माउंट कुक गाव मोटारीने चार-पाच तासांवर आहे. आधी कँटरबरीची सपाट शेते लागतात, मग मेंढ्यांची कुरणे, मग बर्क्स पास नावाची खिंड, आणि ती ओलांडली की झाडे जवळजवळ संपतात. उरते ते टसॉक नावाचे झुपकेदार सोनेरी गवत आणि त्यावरून वाहणारा वारा. टेकापो आणि पुकाकी ही दोन सरोवरे वाटेवर आहेत. त्यांचा निळा रंग पाहून प्रथम वाटते, की पाण्यात कोणी नीळ कालवली असावी. हिमनद्या खडक दळत खाली येतात, त्या दळणाचे पीठ पाण्यात तरंगत राहते आणि त्यावर ऊन पडून हा रंग दिसतो. पुकाकीच्या काठाने आत वळले, की पंचावन्न किलोमीटरचा रस्ता थेट आओराकीच्या तोंडाशी जाऊन थांबतो. पुढे रस्ता नाही.

हूकर खोऱ्यातल्या पायवाटेवर, झुलता पूल ओलांडून आम्ही वर पाहत उभे होतो. भाच्याने दुर्बीण माझ्या हातात दिली नि म्हणाला, "मामा, त्या काळ्या कड्याच्या खाली बघा. दगड नाही तो. हलतोय."

खरेच हलत होता. मानेवर सिंहासारखी आयाळ, आणि वाऱ्याने ती आयाळ पिंजलेल्या लोकरीसारखी उडत होती. शिंगे आखूड, मागे वळलेली. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोंच्या घरात जातो, तरी हा गृहस्थ अशा जागी उभा होता, जिथे आपण भिंतीला पाठ लावूनही उभे राहिलो नसतो. त्याच्या खुरांची कड कठीण असते आणि मधला भाग रबरासारखा मऊ, त्यामुळे खडक धरून ठेवता येतो. तो खाली आमच्याकडे पाहत होता. डोंगरातल्या जनावराची ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. हिमालयात याचा मुख्य वैरी हिमबिबट्या आणि त्याच्या पाठोपाठ माणूस. संकटाची चाहूल लागली की वर पळायचे. कडा हीच त्याची ढाल. म्हणूनच जुने शिकारी सांगत, की ताहराची शिकार करायची असेल तर आधी त्याच्या वर चढून जा.

नेमक्या त्याच वेळी दरीत फडफड आवाज घुमू लागला. ते हेलिकॉप्टर हिमनदी दाखवायला प्रवाशांना नेत होते. अशी तिथे दिवसभर उडतात. पण ताहराने मान वर केली, आणि क्षणात तो कपारीत दिसेनासा झाला. तेव्हा भाच्याने सांगितले, की याच यंत्रातून याची शिकारही करतात. मी म्हटले, "आकाशातून? मग त्याने पळायचे कुठे?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमचे पुढचे तीन दिवस गेले.

आता शिकारीला नाके मुरडण्यापूर्वी तिथल्या लोकांची बाजू समजून घेतली पाहिजे. न्यूझीलंडच्या भूमीवर माणूस येण्यापूर्वी वटवाघळे सोडली तर सस्तन प्राणी नव्हताच. चरणारे जनावर म्हणजे काय, हे तिथल्या वनस्पतींना माहीतच नाही. टसॉक गवत सावकाश वाढते. माउंट कुक लिली नावाचे पांढरेशुभ्र मोठे फूल तिथल्या डोंगराची शोभा. ताहराचा कळप एका उतारावर ठाण मांडून बसला की गवताचे झुपके बुडापर्यंत खातो, जमीन उघडी पडते आणि पावसाबरोबर खाली येते. हिमालयात त्याला आवरायला हिमबिबट्या आहे. इथे कोणी नाही. तेव्हा पाहुणा घर खाऊ लागला.

सरकारने १९३० पासून पगारी शिकारी नेमून हरणे मारायला सुरुवात केली. खांद्यावर बंदूक आणि पाठीवर पिठाचे पोते घेऊन महिनोन्‌महिने रानात राहणाऱ्या या माणसांवर पुढे गोष्टी लिहिल्या गेल्या. मग १९६३ साली वानाका गावच्या टिम वॉलिस यांनी मारलेली हरणे डोंगरातून खाली आणण्यासाठी हेलिकॉप्टर वापरून पाहिले आणि सारे चित्रच पालटले. आधी यंत्र फक्त हमाली करी. लवकरच बंदूकही त्यातूनच चालू लागली. हरणाचे मांस परदेशी जाऊ लागले. १९६९ मध्ये हरणे पाळायला कायद्याने मुभा मिळाली, तशी जिवंत हरणांना किंमत आली. तेव्हा तरणीबांड पोरे उडत्या यंत्रातून खाली पळणाऱ्या हरणाच्या पाठीवर चक्क उड्या टाकून त्याला धरू लागली! पुढे जाळे फेकणारी बंदूक निघाली.

ताहराचीही गत तीच झाली. १९७० नंतरच्या दशकात हेलिकॉप्टरमधून त्यांची इतकी कत्तल झाली, की थोडीच शिल्लक राहिली. तेव्हा १९८३ साली धंद्यासाठी त्यांना मारणे थांबवावे लागले. थांबवल्याबरोबर कळप पुन्हा वाढले. अखेर १९९३ मध्ये एक योजना ठरली : ७ लाख ६ हजार हेक्टरांच्या ठरलेल्या मुलुखात जास्तीत जास्त १०,००० ताहर असावेत. २०१८ सालच्या सरकारी अंदाजात सरकारी संरक्षित जमिनीवरच सुमारे ३५,००० ताहर असल्याचे दिसले. निसर्गसंवर्धन खात्याने हेलिकॉप्टरमधून हजारोंनी ताहर मारायचे ठरवताच पायी शिकार करणारे लोक खवळले. आपले आवडते सावज संपेल, अशी त्यांना धास्ती! २०२० च्या जुलैत भांडण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि शिकाऱ्यांशी पुन्हा बोलणी करा असे न्यायालयाने खात्याला बजावले. ज्याला आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पहिल्या परिशिष्टात संरक्षण दिले आहे, त्या प्राण्याच्या नावाने तिकडे असे खटले चालतात.

तर खात्याचे मारणे हे एक. हेलिकॉप्टरची शिकार म्हणतात ती याहून वेगळी. जगभरातून हौशी आणि पैसेवाले शिकारी येतात. त्यांना हवे असते आयाळवाल्या नराचे मुंडके, भिंतीवर लावायला. वेळ दोन-तीन दिवसांचा. डोंगर चढायची बहुतेकांची तयारी नसते. मग परवानेवाला त्यांना यंत्रात बसवतो, दऱ्याखोऱ्यांवरून फिरवतो, मोठा नर दिसला की जवळच्या धारेवर उतरवतो, आणि गोळी झाडली जाते. टीका करणारे सांगतात, की पुष्कळदा जनावराला यंत्राने वळवून, पळवून, दमवून शिकाऱ्यापुढे आणले जाते. २०११ नंतर काही वर्षे यावर बंदीच घालावी असा राजकारणातही आग्रह झाला होता. बंदी आली नाही. परवाने आणि अटी मात्र आल्या. एक अट मार्मिक आहे : मुंडक्यासाठी नर मारणाऱ्याने कळप कमी करण्यासाठी इतर ताहरही मारून द्यायचे. कारण उघड आहे. एक नर गेला तरी त्याची जागा दुसरा घेतो आणि पिले तितकीच होतात. कळप कमी व्हायचा तर माद्या कमी व्हाव्या लागतात. म्हणजे भिंतीवर लागते त्या मुंडक्याचा डोंगराला उपयोग जवळजवळ शून्य!

ट्वायझल या छोट्या गावी आम्ही उतरलो होतो. तिथे शेजारच्या खोलीत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. चाळीस वर्षे पायी शिकार केलेले. त्यांना मी हा विषय काढून विचारले, तेव्हा ते हसले. म्हणाले, "एकदा चार दिवस पावसात तंबूत बसलो. पाचव्या दिवशी उजाडले, सहा तास चढलो, नर दिसला. तेवढ्यात वारा फिरला, माझा वास त्याला गेला, आणि तो पलीकडच्या दरीत गेला. घरी आल्यावर बायकोने विचारले, काय मिळाले? मी म्हटले, सर्दी." थोड्या वेळाने गंभीर होऊन ते म्हणाले, "आता असे चार दिवस घालवून माणूस वर पोचतो, आणि त्याच्या डोक्यावरून यंत्र येऊन दोन मिनिटांत त्याचा नर घेऊन जाते. चीड येते ती याची."

दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात एक तरुण वैमानिक भेटला. दोन्ही कामे करणारा. खात्याचेही आणि हौशी पाहुण्यांचेही. त्याने मला उलटा प्रश्न केला : "यंत्र तेच, बंदूक तीच, जनावर तेच. खात्यासाठी दिवसभर माद्या मारल्या तर ती देशसेवा, आणि पाहुण्यासाठी एक नर मारला तर तो अधर्म, हे कसे? माझ्या पाहुण्यांत गुडघे गेलेले म्हातारे असतात. त्यांनी डोंगर पाहूच नये काय? आणि जवळून मारलेली गोळी वर्मी लागते. दुरून दमलेल्या माणसाने मारलेली जनावराला दोन दिवस तडफडत ठेवते."

प्रश्न बिनतोड होता. मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. पण परतीच्या प्रवासात तो मनातून हलेना.

आपल्याकडे संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या काळात हाका घालून शिकार होत असे. शेदोनशे माणसे डबे वाजवीत, ओरडत रान उठवायची आणि सावज मचाणापुढे आणायची. मचाणावरचा पाहुणा बार काढून वाघाबरोबर आपली तसबीर काढून घ्यायचा. पुढे जीप आली, आणि रात्री दिव्याच्या झोतात डोळे दिपून उभे राहिलेले काळवीट लोक बसल्या जागेवरून मारू लागले. तेव्हा जुन्या शिकाऱ्यांनीच त्याची छी:थू केली होती. हेलिकॉप्टर म्हणजे आकाशातून घातलेला हाका, इतकेच. फरक एवढा, की हाक्यातल्या वाघाला हाकाऱ्यांची फळी फोडून निसटण्याची आशा तरी असे. ताहराची सारी अक्कल, सारे कसब 'संकट खालून येते' या एका गोष्टीवर उभे आहे. आकाशातून येणाऱ्यापुढे त्याचा कडाच त्याचा पिंजरा होतो.

महाभारतात पंडूची कथा आहे. त्याने क्रीडेत रमलेले हरणाचे जोडपे बाणांनी मारले. ते हरीण म्हणजे किंदम ऋषी निघाला. मरताना त्याने पंडूला जे ऐकवले ते विचार करण्याजोगे आहे. राजाने हरिणे मारू नयेत असे तो म्हणत नाही. त्याचा राग एवढ्यावरच आहे, की ज्या क्षणी मारायला नको होते त्या क्षणी तू मारलेस; थोडे थांबायला हवे होतेस. आणि ताहराच्या नराची शिकार कोणत्या दिवसांत होते? मे-जूनमध्ये. कारण तेव्हा त्याची आयाळ भरलेली असते आणि तो माद्यांच्या नादात सावधपणा विसरतो! म्हणजे मारण्यालाही काही मर्यादा असते, ही कल्पना काही साहेबाने आपल्याला शिकवलेली नाही.

साहेबांकडेही ती होतीच. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला. सावजाला निसटण्याची न्याय्य संधी मिळाली पाहिजे, हा त्याचा दंडक. विमानातून हेरून, लगेच उतरून मारलेल्या जनावराची नोंद तो क्लब आपल्या वहीत करीत नाही. अलास्कात तर शिकारीसाठी हेलिकॉप्टर वापरायलाच मनाई आहे. आणि विमानाने रानात उतरलेल्या माणसाने बहुतेक मोठ्या जनावरांवर दुसऱ्या दिवशी पहाटे तीन वाजेपर्यंत गोळी झाडायची नाही, असा नियम आहे. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटला. पंखांनी आलास ना? मग एक रात्र झोप, सकाळी पायांनी चाल. तेवढ्या रात्रीत सावज दोन डोंगर ओलांडून गेले, तर ते त्याचे नशीब!

या यंत्राची दुसरीही एक बाजू आहे, आणि ती विसरणे कृतघ्नपणाचे होईल. डोंगरात हेलिकॉप्टर चालवणे हा जिवाशी खेळ आहे. हवा विरळ, कड्यावरून अचानक खाली कोसळणारा वारा, बर्फावरचा उजेड असा की जमीन कुठे नि आभाळ कुठे कळू नये. टिम वॉलिस यांचे हेलिकॉप्टर १९६८ मध्ये विजेच्या तारांना अडकून पडले आणि त्यांचा एक पाय कायमचा अधू झाला. त्यांना पुढे 'सर' ही पदवी मिळाली. पण २०१८ हे साल त्या घरावर दोनदा कोसळले. जुलैत त्यांच्या एका मुलाचे हेलिकॉप्टर वानाका सरोवरात पडून तो गेला. ऑक्टोबरात दुसरा मुलगा निसर्गसंवर्धन खात्याच्या दोघा कर्मचाऱ्यांना घेऊन निघाला होता. वानाकाहून उडाल्यावर थोड्याच वेळात यंत्र कोसळले, तिघेही गेले. ते तिघे निघाले होते ताहर मारण्याच्या सरकारी कामगिरीवर. उडताना दार उघडले जाऊन आतला एक कपडा बाहेर उडाला आणि शेपटीच्या पंख्याला लागला, असे चौकशीत निघाले. एक कपडा! टिम वॉलिस स्वतः २०२३ साली वारले.

ते वाचल्यावर त्या तरुण वैमानिकाला द्यायचे उत्तर मला सापडले, असे वाटते. ते तिघे डोंगराचे काम करायला निघाले होते. गवत वाचावे, फूल वाचावे, माती जागच्या जागी राहावी, म्हणून. तिथे सावजाला संधी देण्याचा प्रश्नच येत नाही. उलट काम लवकर उरकावे, गोळी वर्मी लागावी, जनावराला कळू नये, हीच दया. संध्याकाळी कोणी त्या ताहरांबरोबर तसबीर काढीत नाही. पायी जाणारा म्हातारा खेळ खेळायला जातो. पण त्या खेळात पाऊस, वारा आणि खडक ही ताहराच्या बाजूची माणसे असतात, आणि पुष्कळदा ती जिंकतात. यंत्रातला पाहुणा मात्र काम कामासारखे करीत नाही आणि खेळ खेळासारखा खेळत नाही. तो कसायाच्या सोयीने मारतो आणि वीराचा मान मागतो. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्याने जरूर डोंगर पाहावा, यंत्रात बसून पाहावा, डोळे भरून पाहावा. मुंडके भिंतीवर लावल्याने तो डोंगर चढला असे मात्र होत नाही.

पाहुण्यांच्या पैशातून थोडेफार नियंत्रण होते, हे मान्य केले पाहिजे. आणि चूक ताहराची मुळीच नाही. त्याला कोणी विचारून नेले नव्हते. एका ड्यूकच्या हौसेने तो तिकडे गेला, दुसऱ्यांच्या हौसेपायी तिथे वाढू दिला गेला, आणि तिसऱ्यांच्या हौसेची किंमत आज तो भरतो आहे. हौसेने जे बिघडले ते आणखी हौस करून कसे सुधारणार? ते कामानेच सुधारेल, निमूटपणे केलेल्या. ज्या डोंगरात माणसाने हिमबिबट्याची जागा घेतली आहे, तिथे त्याने निदान हिमबिबट्याइतके तरी प्रामाणिक राहावे : गरज असेल तर मारावे, लवकर मारावे, आणि मारल्याची बढाई मारू नये.